मानसिक आरोग्यासाठी स्वकाळजी

मानसिक आरोग्यासाठी स्वकाळजी म्हणजे मनाचे स्वास्थ्य टिकावे व ताण सोसण्याची क्षमता वाढावी यासाठी व्यक्तीने स्वतःहून नियमितपणे केलेल्या साध्या कृती होत. पुरेशी झोप, शारीरिक हालचाल, वेळेवर आहार, माणसांशी संवाद आणि विश्रांती यांचा त्यांत समावेश होतो. मन खचलेले असताना ठरवून काही करण्याची शक्तीच उणावते. म्हणून या कृती आधीपासून सवयीच्या झालेल्या असणे महत्त्वाचे ठरते. स्वकाळजी ही वैद्यकीय उपचारांना पूरक असते. ती उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

संकल्पना

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, आरोग्य राखणे, रोग टाळणे आणि आजाराला तोंड देणे यांसाठी व्यक्ती, कुटुंब व समाज यांच्या ठायी असलेली क्षमता म्हणजे स्वकाळजी. तीत आरोग्यसेवकाचे साहाय्य असू शकते किंवा नसूही शकते. विसाव्या शतकात अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ डोरोथिया ओरेम यांनी स्वकाळजीचा सिद्धान्त मांडला. भारतीय परंपरेत वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथातील सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय 'दिनचर्या' या विषयाला वाहिलेला असून त्यात शरीराच्या निगेबरोबर आचरणाचाही विचार आहे.

सवय जडण्याची प्रक्रिया

एकाच प्रसंगी एकच कृती वारंवार केल्यास तो प्रसंग त्या कृतीची खूण बनतो आणि पुढे ती विशेष प्रयत्नावाचून घडू लागते. यामुळे नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडणे सोयीचे असते. 'रोज फिरायला जाईन' या संकल्पापेक्षा 'सकाळचा चहा झाला की दहा मिनिटे चालेन' हा संकल्प पाळणे सोपे जाते.

कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, असा समज प्रचलित आहे. मात्र लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात या कालावधीचा मध्यक ६६ दिवस आढळला. व्यक्तीनुसार तो १८ ते २५४ दिवस असल्याचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा व्यत्यय आला नाही, हा या अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष होय. त्यामुळे खंड पडल्यास स्वतःला दोष न देता दुसऱ्या दिवशी कृती पुन्हा सुरू करणे पुरेसे असते.

प्रमुख सवयी

झोप: प्रौढांना साधारणतः सात तास किंवा त्याहून अधिक झोप आवश्यक असते. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तीच ठेवल्यास झोपेचे चक्र स्थिर राहते. बराच वेळ झोप लागत नसल्यास अंथरुणात तळमळत न राहता उठून शांतपणे काही करावे व झोप येऊ लागली की पुन्हा पडावे, असे निद्रानाशावरील उपचारपद्धतीत सुचविले जाते. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळणेही हितकारक असते.

हालचाल: जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची शिफारस केली. भरभर चालणे हा त्याचा सर्वांत सुलभ प्रकार आहे. 'थोडी हालचाल तरी काहीच नसण्यापेक्षा बरी' हे तत्त्वही या शिफारशींत आहे.

आनंददायी कृती: उत्साह वाटल्यावर काम करू, असे म्हणत थांबल्यास उदासीनता वाढत जाते. त्याऐवजी छोटी, अर्थपूर्ण कामे वेळ ठरवून करावीत, म्हणजे मनःस्थिती मागाहून सुधारू लागते. नैराश्यावरील 'वर्तन सक्रियण' ही उपचारपद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे.

संवाद: विश्वासाच्या व्यक्तीशी नियमित बोलल्याने एकाकीपणा कमी होतो. प्रत्येक बोलण्यातून सल्ला मिळायलाच हवा असे नाही. कोणीतरी ऐकून घेणे हाही आधार असतो.

मर्यादा

कर्ज, बेकारी, कौटुंबिक हिंसा किंवा भेदभाव यांतून आलेला ताण केवळ वैयक्तिक सवयींनी नाहीसा होत नाही. स्वकाळजीवर अतिरिक्त भर दिल्यास आजाराचा दोष आजारी व्यक्तीच्याच माथी येतो, असा आक्षेप घेतला जातो. घरकाम आणि रुग्णसेवा यांत दिवस सरणाऱ्या स्त्रियांना स्वतःसाठी वेळ मिळणे हे घरातील कामाच्या वाटणीवर अवलंबून असते.

मदत केव्हा घ्यावी

उदासीनता, काळजी, झोपेतील बिघाड किंवा कशातही रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास अथवा दैनंदिन कामांत अडथळा येऊ लागल्यास डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आत्महत्येचे विचार येत असल्यास मदत घेण्यास विलंब करू नये. अशा वेळी जवळच्या व्यक्तीने त्या माणसाला एकटे सोडू नये. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे.

हेही पहा

मानसिक आरोग्य
नैराश्य
निद्रानाश
दिनचर्या