पडद्यामागचा रिले

‘रिले’ हा शब्द आपणांस नभोवाणीमुळें परिचित आहे. एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्रानें घेऊन पुढें धाडिला, कीं तो रिले झाला असें आपण म्हणतों. परंतु मूळ शब्द घोड्यांच्या डाकेचा. थकलेला घोडा टप्प्यावर सोडावयाचा आणि ताज्या घोड्यावर थैली पुढें न्यावयाची. तारायंत्राच्या काळांत हें नांव एका लहानशा उपकरणास मिळालें. तेंच उपकरण हल्लीं कांहीं घरांतून खिडकीचा पडदा सारण्याच्या कामीं लागलें आहे.

प्रिन्स्टन येथील अध्यापक जोसेफ हेन्री यांनीं १८३५ च्या सुमारास विद्यार्थ्यांस एक प्रयोग दाखविला. लांब तारेंतून येणारा क्षीण प्रवाह एका लहान विद्युच्चुंबकास चाळवी; तो चुंबक दुसरें, बलवान मंडल तोडी; आणि त्या मंडलानें धरून ठेविलेलें जड वजन धाडकन् खालीं पडे. (असा दणका शिक्षकास फार उपयोगी. मागच्या बाकावरचीं मुलेंही जागीं होतात.) येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें, कीं दुर्बळ प्रवाह स्वतः भार वाहत नाहीं. तो केवळ आज्ञा देतो, बळ दुसऱ्याचें. मोर्स यांच्या तारायंत्रास याच युक्तीनें दूरचा पल्ला गांठतां आला.

या आज्ञाधारक नोकरास शिस्त लागली ती आगगाडीच्या रुळांवर. १८७२ सालीं अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन यांनीं रुळांतूनच मंद प्रवाह खेळविण्याच्या योजनेचें पेटंट घेतलें. रूळ मोकळा असेतों प्रवाह रिलेस ओढून धरतो; गाडी आली कीं तिच्या आंसांतून प्रवाह आडवा वळतो, रिले सुटतो, आणि सिग्नल धोक्याचा होतो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरीही धोक्याचाच! यंत्र बिघडलें तर तें सुरक्षिततेच्या बाजूस बिघडावें, हा विचार मला प्रत्यक्ष यंत्राहूनही थोर वाटतो.

पडद्याच्या मोटरीस हाच विचार लागू पडतो. नेहमींच्या रचनेंत एक तार उघडण्याची व एक मिटण्याची असते, आणि प्रत्येकीस एकेक रिले. दोन्ही एकदम लागले तर मोटर जळण्याचें भय. म्हणून पहिला रिले लागतांच दुसऱ्याचें मंडल आपोआप तुटेल अशी जोडणी करावी. हें बंधन तारांतच असावें, केवळ संगणकाच्या आज्ञावलीवर भिस्त ठेवूं नये. दिशा पालटण्यापूर्वीं मोटरीस क्षणभर थांबूं द्यावें, आणि पडदा टोंकास पोंचतांच प्रवाह तोडणारा खटका असावा. वीज गेल्यास पडदा हातानें ओढतां यावा, हेंही विकत घेतांना अवश्य पाहावें.

आपण म्हणाल, हातानें सारतां येणाऱ्या पडद्यास एवढा खटाटोप कशाला? पुष्कळ घरीं ही निव्वळ चैनच आहे. पण इंग्लंडांत स्टोक मॅन्डेव्हिल येथें पाठीच्या कण्याच्या दुखापतींवर उपचार करणारें रुग्णालय आहे. मानेखालीं सर्वांग लुळें पडलेल्या तेथील रुग्णांपाशीं कोणास बोलावण्यासाठीं केवळ एक शिटी असे. रुग्णांच्या भेटीस येणारे रेज मेलिंग यांनीं तें पाहिलें, आणि १९६० च्या सुमारास नळींत फुंकून वा श्वास ओढून चालविण्याचें एक यंत्र सिद्ध केलें. ‘पॉसम’ हें त्याचें नांव. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘मी करूं शकतों’. फुंकरेनें कांहीं दिवा लागत नाहीं. ती आज्ञा देते, बळ विजेचें. घंटा, दिवा, रेडिओ, टंकलेखनयंत्र अशीं कामें त्या श्वासाच्या हुकमतींत आलीं, आणि अशा यंत्रांच्या पुढील पिढ्यांत खिडकीचा पडदाही आला. सकाळीं उजेड आंत घ्यावयाचा कीं आणखी घटकाभर निजावयाचें, हें त्या माणसास कोणास हांक न मारितां ठरवितां येऊं लागलें.