तीन पौंडांचा कर आणि भाषेची परीक्षा

देशांतर करणाऱ्या पुरुषामागोमाग त्याची बायकामुले जावीत, हा मनुष्यस्वभाव होय. परंतु ज्या देशाला त्याचे श्रम हवे असतात, त्याला त्याचे कुटुंबही हवे असतेच असे नाही. अशा वेळी कायदा उघड मज्जाव करीत नाही. तो दारात एक परीक्षा मांडतो आणि एक रक्कम मागतो. आज आमच्या इंदुरातील काही मराठी घरांतून ब्रिटनमधील पतीकडे जाऊ इच्छिणाऱ्या सुना इंग्रजीच्या चाचणीची तयारी करीत असतात, आणि त्यांना शिकविणारा बहुधा आपल्यातीलच एखादा शिक्षक असतो. म्हणून या परीक्षेचा पूर्वेतिहास शिक्षकवर्गाने जाणून घ्यावा, असे वाटते. त्याचा एक मोठा अध्याय दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत घडला, आणि त्याच्याशी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निगडित आहे.

नाताळातील उसाच्या मळ्यांवर १८६० पासून हिंदी मजूर पाच वर्षांच्या कराराने, म्हणजे गिरमिटाने, जाऊ लागले. मुदत संपल्यावर त्यांतील पुष्कळजण तेथेच राहिले. कोणी भाजीपाला पिकवू लागले, कोणी लहानसहान व्यापार करू लागले. गोऱ्या वसाहतवाल्यांना मजूर हवे होते, शेजारी नको होते. १८९५ साली नाताळ सरकारने करारमुक्त मजुरांवर वार्षिक तीन पौंडांचा कर बसविला. मूळ मागणी पंचवीस पौंडांची होती. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी तीन पौंडांस संमती दिली. पुढे १९०३ मध्ये सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही हा कर लागू झाला. मजुराला महिना चौदा शिलिंग मिळत असे धरले, तरी वर्षाची मिळकत आठ पौंड आठ शिलिंग होते. आणि नवरा, बायको व दोन वयात आलेली मुले यांचा कर बारा पौंड! सारांश, हा कर उत्पन्नासाठी नव्हता. कुटुंबाने परत जावे किंवा पुन्हा गिरमिटात शिरावे, यासाठी होता.

जे अजून यावयाचे होते त्यांच्यासाठी १८९७ चा प्रवेशनिर्बंध कायदा झाला. त्यात ‘हिंदी’ हा शब्द कोठेही नव्हता. येणाऱ्याने ठरावीक अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेत स्वहस्ते लिहून दाखवावा, एवढीच अट होती. तमिळ, गुजराती किंवा मराठी लिहिणारा मनुष्य या दारात निरक्षर ठरे. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी इतर वसाहतींपुढे हाच नमुना ठेवला. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तो अधिक कठोर केला. तेथे पन्नास शब्दांचे श्रुतलेखन असे, आणि भाषा अधिकाऱ्याने निवडावयाची. १९३४ साली एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत श्रुतलेखन घालून नापास करण्यात आले. पुढे न्यायालयाने ते अग्राह्य ठरविले. ही पद्धत तेथे १९५८ साली बंद झाली.

नाताळच्या कायद्यात एक सवलत होती. पात्र पुरुषाची पत्नी व अज्ञान मुले यांना भाषेची अट नव्हती. परंतु मग ‘पत्नी कोण?’ हाच प्रश्न उभा राहिला. १९१३ च्या मार्च महिन्यात केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला की, ज्या धर्मात बहुपत्नीकत्वाला मोकळीक आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह कायद्याने विवाह नव्हे. एका निर्णयासरशी हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रियांचे पत्नीपद संशयात पडले.

गोखले यापूर्वीच या प्रश्नात पडले होते. १९१० च्या फेब्रुवारीत नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात मांडला व तो संमत झाला. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय यांचा श्रोतृवर्ग होता. गांधीजींच्या आग्रहावरून गोखले तेथे मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. जेथे युरोपीय लिपीत अर्ज लिहिता न आल्यास मनुष्य निषिद्ध ठरे, त्या भूमीवर मराठीत हे भाषण व्हावे, ही घटना मराठी वाचकाने विसरू नये. बोथा व स्मट्स यांच्या भेटीनंतर तीन पौंडांचा कर रद्द होईल, असे गोखल्यांस वाटले. सरकारने पुढे असे वचन दिलेच नव्हते असे म्हटले, आणि १९१३ चा लढा पेटला. कस्तुरबांसह स्त्रिया तुरुंगात गेल्या. खाणीतील मजुरांनी संप केला. ६ नोव्हेंबरला निघालेल्या मोर्चात २०३७ पुरुषांबरोबर १२७ स्त्रिया व ५७ मुले होती. गोखल्यांनी प्रकृती खालावलेली असतानाही हिंदुस्थानात निधी उभारला. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला आणि एकपत्नीक हिंदी विवाहांस मान्यता मिळाली. नव्याने येणाऱ्यांवरील निर्बंध मात्र उठले नाहीत.

आजचे नियम नाताळच्या नियमांसारखेच आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनने नोव्हेंबर २०१० पासून पतिपत्नींवर घातलेली इंग्रजीची अट प्रारंभी अगदी प्राथमिक संभाषणापुरती होती. वृद्ध व अपंग यांना तीतून सूट ठेवलेली होती, आणि नवागतास समाजात मिसळता यावे, हा तिचा सांगितलेला हेतू होता. भाषा शिकणे हिताचेच, हे शिक्षकाला कोणी सांगावयास नको. परंतु फेब्रुवारी २०२४ पासून तेथे प्रौढास आरोग्यसेवेपोटीच दरवर्षी १०३५ पौंड भरण्याचा नियम झाला. व्हिसाचे शुल्क निराळे. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भाषेचा नियम रद्द केला नाही, तरी जेथे शिकण्याची वा परीक्षेची सोयच नाही, तेथे त्याची अंमलबजावणी कौटुंबिक जीवनाच्या हक्काला बाधक ठरू शकेल, असे नमूद केले.

इतिहासावरून अशा अटी पारखण्याच्या तीन कसोट्या हाती येतात. परीक्षा घेणारा शिकण्याची सोय पाहतो काय? मागितलेली रक्कम मिळकतीच्या मानाने झेपणारी आहे काय? आणि ज्याला खरोखरच जमणार नाही, त्याच्यासाठी वाट ठेवली आहे काय? नाताळचा कायदा तिन्हींत उतरत नाही. वर्गात आपण परीक्षा घेतो ती विद्यार्थ्याचे काय राहिले ते कळावे व ते पुन्हा शिकविता यावे म्हणून. आपल्यापुढे शब्द पाठ करीत बसलेल्या सुनेला शिकविताना तिच्या परीक्षेचा हेतूही तोच आहे काय, हे विचारण्याचा अधिकार शिक्षकाला आहे.