एक दाबा, बोला: गोंडवनातला मॉडरेटर

मी धानोऱ्याकडचा, म्हणजे गडचिरोलीतून छत्तीसगडकडे निघालं की शेवटचा तालुका. आज रील-बिल काही नाही, साध्या बटणांच्या फोनची गोष्ट आहे.

२०१० साली आमच्या सीमेपलीकडे 'सीजीनेट स्वरा' सुरू झालं. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांची ही कल्पना. एका नंबरवर फोन लावायचा. एक दाबा, बोला. दोन दाबा, ऐका. पुढे मिस कॉलवर काम भागायला लागलं, तिकडूनच फोन यायचा, बॅलन्स कटायचा नाही. लिहिता-वाचता यायची गरज नाही, आणि गोंडीत बोललं तरी चाले. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. पेपरात नाही, टीव्हीवर नाही. अशा माणसाला पहिल्यांदा कोणी म्हणालं, बोल बाबा!

पण बोललेलं लगेच सगळ्यांना ऐकू जात नसे, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. मध्ये मॉडरेटर बसलेला असायचा. तो निरोप ऐकायचा, खात्री करून घ्यायचा, मगच पुढे सोडायचा. मजुरी थकली, हातपंप बंद आहे अशी तक्रार असली तर सोबत अधिकाऱ्याचा नंबरही जायचा, की ऐकणाऱ्यांनीच फोन करून विचारावं. आता काय सोडायचं नि काय थांबवायचं हे एकच माणूस ठरवणार, तर ती सत्ताच झाली की! मान्य. पण निदान तो आपली भाषा समजणारा माणूस होता.

मग आपल्या खिशात व्हॉट्सॲप आलं. २०१६ पासून त्यातले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणी वाचू शकत नाही. खासगीपणासाठी उत्तमच. पण मधला ऐकणारा गेला.

१ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा घातली. मेसेज खरा की खोटा हे कंपनी बघणार नव्हती, फक्त त्याचा वेग कमी करणार होती.

त्या उन्हाळ्यात तसलाच एक मेसेज मलाही आला होता. मी तो तीन ग्रुपवर टाकला. पोर कुठल्या गावचं, कोणी पाहिलं, काही विचारलं नाही. पाठवणारा माझा सख्खा मावसभाऊ होता. त्याचा नंबर मला तोंडपाठ आहे.