बेटावर विचारलेला प्रश्न

‘इकिगाई’ हा जपानी शब्द हल्ली आपल्याकडेही बराच ऐकू येतो. ‘इकि’ म्हणजे जगणे आणि ‘गाई’ म्हणजे मोल. आपल्या गोठ्यातल्या गाईंशी त्याचा काही संबंध नाही! सोबत चार वर्तुळांचे एक चित्रही फिरते : आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई. ते चित्र जपानचे नव्हे, बाहेरच्यांनी अलीकडे जोडलेले आहे. खुद्द जपानात या शब्दाचा खोलवर विचार झाला तो सुखवस्तू घरात नव्हे, तर कुष्ठरोग्यांच्या एका बेटावर.

ओकायामा प्रांताच्या किनाऱ्यालगत नागाशिमा नावाचे बेट आहे. मध्ये पाण्याची अरुंद पट्टी. १९३० साली तिथे सरकारी कुष्ठधाम स्थापन झाले आणि १९३१च्या कायद्याने रोग्यांना सक्तीने अशा ठिकाणी ठेवणे सुरू झाले. धक्क्यावर उतरले की आधी जंतुनाशकाची आंघोळ, मग जवळचे पैसे जमा करून बदल्यात बेटापुरते चलन. घराला बट्टा लागू नये म्हणून पुष्कळांनी आपले नावही टाकून दिले. माउली, नावच गेले तर माणसाजवळ काय उरते?

हाच प्रश्न मिएको कामिया यांना पडला. तरुणपणी त्या काकांबरोबर टोकियोजवळच्या एका कुष्ठधामात गेल्या होत्या, आणि तेव्हापासून डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनाने घेतले. घरचा विरोध, मग स्वतःला क्षय. तरी त्या डॉक्टर झाल्या, मनोविकारांच्या तज्ज्ञ झाल्या आणि १९५७पासून नागाशिमाला जाऊ लागल्या. त्यांचे ‘इकिगाईविषयी’ हे पुस्तक १९६६ साली आले.

कामियाबाईंना तिथे दिसले ते असे. रोग तोच, कुंपण तेच; तरी एकाला दिवस ढकलणे जड जाते आणि दुसरा आनंदाने भरलेला असतो. ज्याचे दुखणे सौम्य तोच सुखी, असेही नव्हते. त्यांनी एक बारीक भेद केला : ज्याच्यासाठी जगावेसे वाटते ती गोष्ट वेगळी, आणि जगावेसे वाटणे ही भावना वेगळी. त्याच बेटावर १९५३ साली अंध रोग्यांनी माउथ ऑर्गनचे वाद्यवृंद उभे केले. रोगाने बोटांची संवेदना गेलेली, म्हणून ब्रेल लिपीतले स्वर ते जिभेने वाचत. जीभ सोलवटून निघे, तरी वाचन थांबत नसे.

इथे भारावून जाऊन थांबणे सोपे आहे. पण मला एक गोष्ट टोचते, आणि जपानातही ती पुढे बोलली गेली : रोग्यांच्या मनातला उजेड इतक्या मायेने टिपणाऱ्या बाईंनी त्यांना कोंडणाऱ्या कायद्यावर मात्र उघड बोट ठेवले नाही. औषध निघाले होते, रोग बरा होत होता, तरी १९५३ साली कोंडून ठेवण्याचा कायदा नव्याने झाला. आतल्या आनंदाची थोरवी गाताना बाहेरचे कुलूप विसरले जाते काय?

बाई १९७९ साली गेल्या. १९८८ साली बेटाला पूल झाला. रोग्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला होता. त्याला ‘माणूसपण परत मिळवण्याचा पूल’ म्हणतात. कायदा १९९६ साली रद्द झाला आणि २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने तो घटनाविरोधी ठरवला. तोवर बहुतेक रोगी म्हातारे झाले होते, आणि बोलवायला घरी कोणी उरले नव्हते. बेटावरच्या अस्थिगृहात आजही तीन हजारांहून अधिक जणांच्या अस्थी आहेत.