कार्बुरेटरचे वतन

जुनी मोटार पोटच्या पोरासारखी सांभाळणाऱ्या गृहस्थांचा जगभर एक संप्रदाय पसरलेला आहे, आणि कोणत्याही संप्रदायात असतात तसे त्यातही सनातनी आणि सुधारक असे दोन पक्ष आहेत. त्यांच्यातला सर्वांत कडवा वाद रंगाचा नव्हे की चाकांचा नव्हे; गाडीच्या मूळच्या कार्बुरेटरला निरोप देऊन त्याच्या जागी विजेच्या हुकमाने पेट्रोल फवारणारे इंजेक्शन बसवावे किंवा कसे, हा तो वाद होय. सनातनी म्हणतात, गाडी बाटली. सुधारक म्हणतात, बाटली तर बाटली, पण पौषातल्या पहाटे पहिल्या किल्लीला सुरू झाली. दोन्ही पक्ष मात्र एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती ही की कार्बुरेटर म्हणजे जुने आणि इंजेक्शन म्हणजे नवे. आणि या यंत्रांचे दफ्तर उघडून पाहिले तर नेमके हे गृहीतच डळमळू लागते, कारण कार्बुरेटरची सद्दी शिगेला पोचली होती त्याच काळात विजेचे इंजेक्शन एकदा येऊन, हात टेकून, परत गेलेले आहे.

कार्बुरेटरचे काम सांगायला सोपे आणि करायला महाकठीण. पेट्रोल नीट जळावयाचे तर त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा त्यात मिसळावी लागते. मापाच्या भाषेत बोलावयाचे तर एका लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. अगदी आरंभीच्या मोटारींत हे मिश्रण इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन, तिच्याबरोबर उडेल तेवढी वाफ पदरात पाडून घेऊन साधत असत. कार्ल बेन्झच्या गाडीची व्यवस्था याच जातीची होती. आणि १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, तेव्हा वाटेत वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानात तिने लिग्रोइन हे द्रव्य इंधन म्हणून विकत घेतले आणि इंधनाची तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. जेटमध्ये कचरा अडकणे आणि तो टोकदार वस्तूने काढणे या आपल्या गॅरेजांतील नित्यकर्माची परंपरा अशी थेट मूळ पुरुषाच्या, किंबहुना मूळ स्त्रीच्या, घरापर्यंत पोचते. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म माइबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने तुषार उडवणारा कार्बुरेटर सिद्ध केला. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हे व्हेंचुरी नावाच्या इटालियन पंडिताने १७९७ मध्येच लिहून ठेवले होते. त्या उतरलेल्या दाबापायी शेजारच्या वाटीतले पेट्रोल आपण होऊन बारीक छिद्रातून वर ओढले जाते आणि फुटून हवेत मिसळते. यात ना वीज, ना गणित. इतके निरागस यंत्र इतकी वर्षे इतक्या गुंतागुंतीचे काम करीत राहिले, याचे मला आजही नवल वाटते.

या यंत्राकडे पाहिले की मला आपल्याकडील जुन्या वतनदार कुलकर्ण्याची आठवण होते. बांधावर उभा राहून तो पिकाची नजरपाहणी करी आणि त्यावरून आणेवारीचा आकडा सांगे. साखळी घेऊन शेते मोजीत बसणे त्याच्या शिरस्त्यात नसे, आणि सामान्य वर्षी तशी गरजही पडत नसे. कार्बुरेटरही काहीच मोजीत नाही. हवा गार आहे, की घाट चढून विरळ झाली आहे, की इंजिन नुकतेच जागे झाले आहे, यांपैकी कशाचीही वर्दी त्याला नसते. केवळ हवेच्या ओढीवरून तो अंदाज बांधतो, आणि तो अंदाज फसू नये म्हणून त्याच्या दिमतीस शागीर्द तैनात करावे लागतात. थंडीसाठी चोक, संथ चालीसाठी निराळे जेट, पाय एकाएकी दाबला तर जादा पिचकारी मारणारा पंप, आणि वाटीतली पातळी राखणारा फ्लोट. एवढा लवाजमा बाळगूनही अवकाळी पाऊस पडला की आणेवारी चुकावी तसा त्याचा हिशेब चुकतोच.

मुंबईच्या वाचकाला याची उदाहरणे दूर शोधावी लागणार नाहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ची जी वंशावळ निघाली, आणि जी पुढे १९७४ पासून पद्मिनी या नावाने घरोघर ओळखली गेली, तिच्या १०८९ सी.सी.च्या इंजिनावर सोलेक्सचा एकच कार्बुरेटर बसे. त्या एका यंत्रावर किती मिस्त्र्यांचे प्रपंच चालले असतील! ‘गाडी मिसिंग मारते’, ‘पिकअप नाही’, ‘ॲव्हरेज पडले’ अशा कोणत्याही फिर्यादीवर मिस्त्री प्रथम बॉनेट उघडी, स्क्रूड्रायव्हरचे टोक एअर स्क्रूवर टेकवी, आणि मान तिरकी करून, इंजिनाचा आवाज ऐकत, पाव-पाव आटा फिरवी. मग प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाही: काळाठिक्कर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे बेताचे. मे महिन्यात बोरघाट चढताना इंजिनाच्या धगीने पंपातच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी धापा टाकून उभी राही. अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून कठड्यावर बसलेली कुटुंबे खंडाळ्याच्या वळणावळणावर दिसत. आमच्या पिढीतील कित्येकांचे सह्याद्रीवरील प्रेम अशा सक्तीच्या मुक्कामांतच उपजलेले आहे.

वतनदाराच्या अधिकाराला पहिला जीवघेणा धक्का मात्र जमिनीवर बसला नाही, आकाशात बसला. १९४० मध्ये इंग्लंडवरील हवाई युद्धात स्पिटफायर आणि हरिकेन या विमानांच्या मर्लिन इंजिनांवर एस.यू. कार्बुरेटर होते, समोरच्या मेसरश्मिट १०९ च्या डायम्लर-बेन्झ इंजिनात पंप थेट सिलिंडरमध्येच पेट्रोल फवारीत असे. पाठीवर शत्रू आला की जर्मन वैमानिक दांडी पुढे लोटून खाली सूर मारी. त्याच्यामागे तसाच सूर मारणाऱ्या ब्रिटिश विमानातील फ्लोटच्या वाटीत, वजनच नाहीसे झाल्यामुळे, पेट्रोल छताला जाऊन चिकटे. इंजिन आधी उपाशी राही, मग एकदम पेट्रोलने गुदमरे, आणि तेवढ्या क्षणांत सावज निसटून जाई. म्हणून ब्रिटिश वैमानिक आधी विमान अर्धे उलथे करून मगच खाली झेपावत, म्हणजे वाटीतले वजन जागेवर राही. फार्नबरोच्या सरकारी विमानसंशोधन संस्थेत बिएट्रिस शिलिंग नावाची एक अभियंता होती. ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल पळवल्याबद्दल तिला सुवर्णतारा मिळालेला होता. तिने १९४१ मध्ये यावर उतारा काढला तो एवढाच, की पेट्रोलच्या नळीत नेमक्या मापाचे भोक पाडलेला धातूचा एक लहानसा तुकडा बसवला, जेणेकरून इंजिनाच्या पूर्ण भुकेपेक्षा अधिक पेट्रोल पुढे जाऊच नये. गुदमरणे थांबले, उपाशी राहणे सर्वस्वी थांबले नाही. ही डागडुजीच होती, पण अशा डागडुजीवर त्या युद्धात अनेकांचे प्राण वाचले असावेत.

युद्धानंतर इंजेक्शन मोटारीत उतरले. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एस.एल.मध्ये ते आले, परंतु तेथील पंप यांत्रिक होता आणि किंमत राजेरजवाड्यांची. विजेचा मार्ग धरला तो अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने. इलेक्ट्रोजेक्टर या नावाची तिची योजना अशी, की किती पेट्रोल सोडावयाचे हे विजेच्या पेटीने ठरवावे आणि त्याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरपाशी एक झडप क्षणभर उघडावी. अमेरिकन मोटर्सने १९५७ च्या रॅम्ब्लर रेबेलसाठी तिची द्वाही फिरवली, पण तशी गाडी ग्राहकाच्या हाती पडलीच नाही. १९५८ मध्ये क्रायस्लरने आपल्या ३००-डी, डिसोटो ॲडव्हेंचरर आदी गाड्यांवर ती बसवली. अशा गाड्या निघाल्या सुमारे पस्तीस. कल्पना निर्दोष होती, पण त्या काळचे विजेचे भाग बॉनेटखालची धग आणि ओल सोसण्यास असमर्थ ठरले. गाड्या बंद पडू लागल्या, मालक चिडले, आणि बहुतेक गाड्या कारखानदाराच्याच माणसांनी परत घेऊन, इंजेक्शन उपटून काढून, त्यांवर कार्बुरेटर बसवून दिले. ज्या रूपांतरावरून आज सनातनी आणि सुधारक भांडतात, ते विजेच्या इंजेक्शनच्या पहिल्याच पिढीत असे उलट्या दिशेने घडलेले आहे, आणि त्या वेळी कार्बुरेटर बसवून घेणारा मालक स्वतःला शहाणा समजत होता, शहाणा होताही.

मग पारडे फिरले कशाने? कार्बुरेटर अचानक नालायक ठरला असे मुळीच नाही. लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या, डोळे झोंबवणाऱ्या धुरकट धुक्याचे मूळ मोटारींच्या अर्धवट जळलेल्या पेट्रोलमध्ये आणि त्यावर पडणाऱ्या उन्हात आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या आगेमागे सिद्ध केले, आणि तेथून या कथेत कायद्याचा प्रवेश झाला. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या गाड्यांपासून धुराड्यावर मर्यादा घातली. १९७० च्या अमेरिकन कायद्याने विषारी वायू नव्वद टक्क्यांनी घटवण्याचे फर्मान काढले. आपल्याकडे परगणा व कुलकर्णी वतने खालसा झाली तीही १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने. बांधावरचा अंदाज एका वर्षात बिघडला होता असे कोणी म्हणत नव्हते, सरकारला पगारी तलाठी हवा होता. बेंडिक्सचे पेटंटहक्क घेऊन बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा आणली ती याच अमेरिकन बाजारासाठी. यातील ‘डी’ म्हणजे जर्मन ‘द्रुक’, अर्थात दाब: इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब आणि तपमान मोजून पेटी पेट्रोलचा हप्ता ठरवी. नजरपाहणी जाऊन पैमाईश आली. १९७६ मध्ये व्होल्वो गाड्यांच्या धुराड्यात बॉशचा प्राणवायू ओळखणारा लॅम्डा सेन्सर बसला, आणि जळून गेलेल्या धुराची तपासणी करून पुढच्या हप्त्यात दुरुस्ती करण्याची, म्हणजे हिशेबनिसावर लेखापरीक्षक नेमण्याची, सोय झाली. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही विषारी वायूंवर तेव्हाच उपायकारक ठरते, जेव्हा मिश्रण १४.७ च्या अगदी आसपास घोटाळत राहते. आणि इतकी काटेकोर आणेवारी करणे हे त्या जुन्या वतनदाराच्या आवाक्यापलीकडचे होते. काही कारखानदारांनी कार्बुरेटरलाच विजेच्या झडपा आणि रबरी नळ्यांचे जंजाळ जोडून पाहिले. १९९० उजाडेतो अमेरिकेतून तोही प्रयोग जवळजवळ संपला.

आपल्याकडे हा अंमल उशिरा आला. चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, २००० च्या एप्रिलपासून देशभर नवे प्रदूषणनियम लागू झाले, आणि गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही चार अक्षरे एखाद्या सनदेसारखी मिरवू लागली. अर्थ ठाऊक नसलेले लोकही ती वाचून किंमत चढवीत. कुर्ल्याची पद्मिनी याच सुमारास बंद झाली. मुंबईत नोंदणी झालेली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली. २०२० पासून तर साध्या दुचाकीतही इंजेक्शन आले.

आता त्या हौशी गृहस्थांकडे वळू. अमेरिकेत २००१ च्या सुमारास बाउलिंग आणि ग्रिपो या दोघा अभियंत्यांनी, घरी बसून स्वहस्ते जोडता येईल अशी मेगास्क्वर्ट नावाची पेटी उपलब्ध करून दिली, आणि रूपांतराची कला कारखान्यातून अंगणात आली. वरकरणी काम सोपे दिसते: कार्बुरेटर उतरवा, त्याच बोल्टांवर थ्रॉटल बॉडी बसवा. खरी मेहनत मागच्या बाजूस असते. कार्बुरेटरला पेट्रोल हलक्या दाबाने आलेले चालते. इंजेक्शनला त्याच्या दहापट, चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या घरातला दाब हवा, म्हणून टाकीजवळ नवा पंप, जाड भिंतीच्या नळ्या आणि उरलेले पेट्रोल परत नेणारी दुसरी वाट करावी लागते. याच दाबामुळे बोरघाटातल्या त्या वाफेचा उपद्रव टळतो. धुराड्याला भोक पाडून सेन्सरसाठी नट वेल्ड करावा लागतो, आणि जुना डायनामो एवढ्या विजेला पुरा पडत नसल्याने अल्टरनेटर घालावा लागतो. शेवटी पेटीला गाडीचा स्वभाव शिकवीत काही आठवडे हिंडावे लागते, आणि येथे मिस्त्रीच्या तिरक्या मानेची जागा लॅपटॉपवरील आकड्यांचा तक्ता घेतो. आमच्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नाशी उलटलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी दिली, ती मूळ स्वरूप राखण्याच्या अटीवर. तेव्हा सनातनी पक्षाच्या हाती आता सरकारी कागदही आहे.

म्हणूनच, की केवळ जीव अडकला म्हणून, सुधारकांतले सुधारकही उतरवलेला कार्बुरेटर भंगारात घालीत नाहीत. तो रॉकेलने धुऊन, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवतात, आणि नवे भाग बसवताना मूळच्या पत्र्याला एकही जादा भोक पडू नये याची दक्षता घेतात. चोकची मूठ तर काढतच नाहीत. केबलचे दुसरे टोक बॉनेटखाली तारेने बांधून ठेवलेले असते, त्याला काहीही जोडलेले नसते. तरी थंडीत गाडीत बसल्यावर मालकाचा डावा हात किल्लीच्या आधी तिच्याकडे जातो.