अंबरी : एका सफरचंदाची कहाणी आणि बाजाराचा न्याय

सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातील तिएनशान पर्वताच्या उतारांवर. तेथून जगभर पसरलेल्या या फळाला काश्मीर खोऱ्याने स्वतःचे असे एक वाण दिले. त्याचे नाव अंबरी. पिवळट सालीवर लालसर पट्टे, गर पांढरा, कुरकुरीत व गोड, आणि सुवास असा की त्यावरूनच फळ ओळखावे. पण त्याचा खरा गुण टिकाऊपणाचा. ऑक्टोबरच्या सुमारास उतरवलेले फळ शीतगृहाविना हिवाळाभर टिकते. आगगाडी खोऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती, त्या काळात या गुणाचे मोल किती असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

काश्मीरची जमाबंदी करणारे वॉल्टर लॉरेन्स यांनी 1895 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या फळाची आणि हिंदुस्थानात होणाऱ्या त्याच्या निर्यातीची नोंद केली आहे. महसुली अधिकाऱ्याने शेतसाऱ्याबरोबर फळांच्या चवीचीही दखल घ्यावी, ही त्या काळच्या प्रशासनाची एक चांगली सवय म्हटली पाहिजे.

पुढे चित्र पालटले. 1916 च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स यांनी हिमाचलातील कोटगढ येथे अमेरिकन डेलिशस वाणाची लागवड केली. विसाव्या शतकात काश्मीरच्या बागांतही याच कुळातील सफरचंदांनी जम बसवला. कारण सरळ होते. अंबरीचे झाड उशिरा फळते आणि त्याचा बहर दरवर्षी सारखा येत नाही. डेलिशस लवकर फळते. शिवाय दिल्लीच्या आझादपूर मंडीत लालभडक रंगाला भाव मिळतो, सुवासाला नाही. शीतगृहे आली, तेव्हा अंबरीचा टिकाऊपणाही बिनमोलाचा ठरला. बागायतदाराने आपल्या हिताचाच निर्णय घेतला. त्याला दोष देता येणार नाही.

परंतु सफरचंदाचे वाण बियांतून जसेच्या तसे उतरत नाही; ते कलमानेच चालते. कलम बांधणारा हात थांबला, की काही दशकांत वाण संपते. लाल अंबरी, सुनहरी, अंबरेड ही संकरित वाणे अंबरीच्याच वंशातून निघाली. म्हणजे जुन्या झाडाचा लाभ साऱ्या समाजाला, आणि ते राखण्याचा तोटा मात्र एकट्या मालकाला. अर्थशास्त्रात यालाच बाजाराचे अपयश म्हणतात, आणि शासनाच्या हस्तक्षेपाचे समर्थन नेमके येथेच होते.

प्रत्यक्षात दाट लागवडीच्या योजनांत अनुदानाचा ओघ गाला, फूजी अशा विदेशी वाणांकडे वळला आहे. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात जनुक निधीची तरतूद आहे. जुन्या अंबरीचे जे झाड कोणी राखील, त्यासाठी त्याला या निधीतून दरवर्षी अल्पशी रक्कम का देऊ नये? खर्च किरकोळ आहे. गमावलेले वाण मात्र कोणत्याही अंदाजपत्रकातून परत विकत घेता येत नाही.