मोंबासाच्या बंदरातले सागवानी जहाज

उमरखेडहून पैनगंगेच्या दिशेने निघाले की सागाचे रान लागते. साग म्हटल्यावर आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर दारे, खिडक्या, घराचे आढे, फार तर शाळेतले टेबल येते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे जहाज कोणाला आठवत नाही. पण ह्याच जातीच्या लाकडाने बांधलेले एक जहाज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासाच्या बंदरात, तीनशेहून अधिक वर्षे चिखलात पडून आहे. त्याचे नाव ‘सांतो अंतोनियो द टाना’. पोर्तुगीज ज्याला टाना म्हणत ते आपले ठाणे. हे जहाज १६८१ मध्ये वसईला बांधले गेले. वसईचे जहाज मोंबासाला का बुडाले, हे कळण्यासाठी आधी ते बंदर आणि तिथला वारा समजून घ्यायला हवा.

प्रवाळातील फट

मोंबासा केनिया देशात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ४ अंशांवर आहे. मुंबईपासून सरळ रेषेत अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर. शहराचा जुना भाग एका लहान बेटावर वसला आहे. ह्या किनाऱ्याला समांतर अशी प्रवाळ खडकांची रांग समुद्रात आहे. प्रवाळाचे जीव उबदार, उथळ, स्वच्छ आणि खाऱ्या पाण्यात वाढतात. जिथे नद्या गोडे, गढूळ पाणी आणून ओततात तिथे त्यांची वाढ होत नाही आणि रांगेत फट राहते. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती. तेव्हा नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि ह्या दऱ्यांच्या खाड्या झाल्या. मोंबासा बेटाच्या दोन्ही बाजूंना अशी खाडी आहे. बाहेर लाटा आपटत असताना आत जहाज शांतपणे उभे राहू शकते. इब्न बतूता १३३१ मध्ये इथे आला, तेव्हा त्याला लाकडी मशिदी असलेले नांदते गाव दिसले. म्हणजे युरोपियनांनी ‘शोध’ लावण्याच्या कितीतरी आधीपासून हे बंदर गजबजलेले होते.

वाऱ्याचे वेळापत्रक

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ह्या समुद्रावर ईशान्येकडून वारा वाहतो. तो भारत आणि अरबस्तानाकडून शिडाची जहाजे आफ्रिकेकडे नेतो. एप्रिलपासून वारा उलटतो. दक्षिण गोलार्धातून येणारा वारा विषुववृत्त ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा बनून आपल्याकडे येतो. स्वाहिली भाषेत ईशान्येच्या वाऱ्याला ‘कास्काझी’ आणि दक्षिणेच्या वाऱ्याला ‘कुसी’ म्हणतात.

ह्या वेळापत्रकाची किंमत वास्को द गामाच्या प्रवासावरून समजते. एप्रिल १४९८ मध्ये तो मोंबासाला आला, पण तिथे त्याचे जमले नाही. शेजारच्या मालिंदीत त्याला वाटाड्या मिळाला. २४ एप्रिलला निघून तो २० मे रोजी कालिकतजवळ पोहोचला. महिनासुद्धा लागला नाही. परत जाताना मात्र ५ ऑक्टोबरला, वारा पुरता फिरण्याआधीच, त्याने गोव्याजवळचे अंजदीव बेट सोडले. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. जवळजवळ तीन महिने गेले आणि ताज्या अन्नाअभावी स्कर्व्ही होऊन सुमारे तीस खलाशी दगावले. समुद्र तोच, जहाजेही तीच, फक्त महिना चुकला.

किल्ला कोणी बांधला?

१५९३ मध्ये पोर्तुगीजांनी मोंबासाच्या बंदराच्या तोंडाशी ‘फोर्ट जीझस’ बांधायला घेतला. आराखडा जोव्हान्नी बातिस्ता कैराती ह्या इटालियन वास्तुकाराचा. तो पोर्तुगीजांच्या भारतातील मुलखाचा मुख्य वास्तुकार होता. पाया प्रवाळ खडकाचा आणि भिंतीही प्रवाळाच्या दगडाच्याच. गवंडी मात्र गोव्यातून नेलेले होते आणि मजूर मालिंदीचे. कारभारही गोव्यातूनच चाले. पाठ्यपुस्तकात हा ‘पोर्तुगीज किल्ला’ असतो. तो ज्यांनी रचला त्या गोवेकर गवंड्यांपैकी एकाचेही नाव आपल्या ओठांवर नाही.

मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी ह्या किल्ल्याला वेढा घातला. मदत यायची ती गोव्याहून, आणि नैर्ऋत्य वारा सुरू झाल्यावर गोव्याहून कोणी निघूच शकत नव्हते. कुमक पोहोचली ती नाताळच्या सुमारास. तोवर आणि त्यानंतरही तोफांपेक्षा रोगाने जास्त माणसे नेली. १६९७ च्या पावसाळ्यात किल्ल्यातील बहुतेक सगळे पोर्तुगीज मेले होते. तेव्हा किल्ला लढवला तो फाझा गावच्या दाऊद नावाच्या स्वाहिली सरदाराने, त्याच्या माणसांनी आणि किल्ल्यात अडकलेल्या आफ्रिकी स्त्रियांनी. झेंडा पोर्तुगालचा होता, पण तो फडकत ठेवणारे हात आफ्रिकेचे होते.

त्या सप्टेंबरमध्ये ‘सांतो अंतोनियो’ मदत घेऊन किल्ल्याखाली आले. शत्रूच्या माऱ्यात त्याचे दोर तुटले, ते किनाऱ्यावर आपटले, सुकाणू गेले आणि ऑक्टोबरमध्ये ते किल्ल्याच्या पायथ्याशीच बुडाले. डिसेंबर १६९८ मध्ये किल्ला पडला. गोव्याचे आरमार त्यानंतर काही दिवसांनी येऊन पोहोचले आणि बुरुजावर ओमानचा झेंडा पाहून मागे फिरले. पोर्तुगीजांनी १७२८ मध्ये मोंबासा पुन्हा घेतले, पण पुढच्याच वर्षी ते कायमचे हातचे गेले. त्यानंतर दहा वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आपल्या पुस्तकात वसईची लढाई एका प्रकरणात आणि आफ्रिका दुसऱ्याच पुस्तकात असते. समुद्राच्या बाजूने पाहिले तर ही एकाच साखळीतली ठाणी होती.

१९७७ ते १९८० ह्या काळात संशोधकांनी पाण्याखाली उत्खनन करून ‘सांतो अंतोनियो’चा अभ्यास केला. लाकूड टिकले ह्याची दोन कारणे. सागात नैसर्गिक तेल आणि सिलिका असते, त्यामुळे ते लवकर किडत नाही. शिवाय गाळात प्राणवायू नसतो, म्हणून लाकूड पोखरणारे सागरी जीव तिथे जगत नाहीत. मोजमाप झाल्यावर सांगाडा पुन्हा गाळातच झाकून ठेवला, कारण त्याला तीच जागा सुरक्षित. जहाजातील वस्तू किल्ल्यातील संग्रहालयात आहेत. २०११ पासून हा किल्ला जागतिक वारसास्थळ आहे.

शिडानंतर

वाफेची जहाजे आली आणि वाऱ्याचे राज्य संपले. मोठ्या बोटी बेटाच्या पश्चिमेकडील किलिंदिनी बंदरात जाऊ लागल्या. ‘किलिंदी’ म्हणजे खोल पाणी. १८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे सुरू केली; ती १९०१ मध्ये पोहोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांतील सुमारे २,५०० तिथेच मेले. त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांची गोष्ट जगभर पोहोचली. रोगाने आणि अपघाताने गेलेल्या ह्या हजारोंची गोष्ट तितकी पोहोचली नाही. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया चालत होता. रुपया गेला, शब्द उरले: आजही स्वाहिलीत दुकान म्हणजे ‘दुका’, पैसे म्हणजे ‘पेसा’, गाडी म्हणजे ‘गारी’, आणि बंदर म्हणजे ‘बंदारी’.

आज मोंबासा केनियाचे दुसरे मोठे शहर आहे. ज्यांना समुद्रच नाही अशा युगांडा, रवांडा ह्या देशांचा मालही ह्याच बंदरातून जातो.

वर्गात हे असे करून पाहता येईल. फळ्यावर भारताचा नव्हे, हिंदी महासागराचा नकाशा काढावा. दोन रंगांच्या खडूंनी दोन मोसमांचे बाण काढावेत. वास्कोच्या दोन प्रवासांचे दिवस मुलांनाच मोजू द्यावेत. मग विचारावे, गोव्याहून मदत कोणत्या महिन्यात निघू शकेल? वेढ्याचा निकाल मुले स्वतःच सांगतील. शेवटी एक बाण उमरखेडपर्यंत आणावा. जूनमध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून, जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा एक वेगवान झोत विषुववृत्त ओलांडतो. फिंडलेटर ह्या हवामानशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. पुढे अरबी समुद्रावर बाष्प गोळा करून तोच आपल्याकडे येतो. कापसाच्या पेरणीसाठी उमरखेडचा शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, त्याचा वारा मोंबासाच्या बाजूने आलेला असतो.